सतरा फोन आणि दोन फोन

वहीपूजनाच्या आदल्या दिवशी पेढीवरच्या जुन्या वह्या झटकायच्या, त्यांना ऊन दाखवायचे आणि पुन्हा लाल बासनात बांधून ठेवायच्या, अशी आमच्या घरची रीत आहे. यंदा हे काम करताना २०२१ सालची रोजमेळाची वही हाती लागली. एप्रिल महिन्यातील एका पानावर जमा-नावे काहीच नव्हते. त्या दिवसांत किराणा दुकाने सकाळी सात ते अकरा एवढाच वेळ उघडी असत. नागोठण्याची बाजारपेठ अकराला निर्मनुष्य होई आणि अंबा नदीवरच्या जुन्या पुलाकडून एखादी रुग्णवाहिका गेली, तर तिचा आवाज पेठेच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येई. त्या पानावर विक्रीचे आकडे नव्हते, फोन क्रमांक होते. मोजले तेव्हा सतरा भरले. पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईने, आणखी दोन क्रमांक लिहिलेले होते.

सतरा क्रमांक आमच्या धाकट्या काकांसाठी होते. दोन क्रमांक आमच्या वखारीत एकवीस वर्षे पोती वाहणाऱ्या हमालासाठी होते. काका आज घरी आहेत, रोज सकाळी देवदर्शनाला जातात. हमाल आता नाही. महामारीत मोठ्या शहरांतील रुग्णालयांचे दार कोणाला उघडले आणि कोणाला नाही, या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्यापुरता तो प्रश्न त्या एका पानावर लिहिलेला आहे.

एकाच आठवड्यात दोन आजारी

काकांचा ताप चौथ्या दिवशी वाढला आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ८६ दिसू लागला. गावातील डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, आता अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी हलवणे भाग आहे. अलिबागला जागा नव्हती. पनवेलला नाव लिहून घेतले, पण आशा दिली नाही. महाराष्ट्रात त्या आठवड्यात रोज साठ हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडत होते. १८ एप्रिल रोजी तो आकडा ६८ हजारांच्या पुढे गेला होता. आम्ही नातेवाइकांना, व्यापारी मित्रांना, अडत्यांना फोन करीत सुटलो. बाराव्या की तेराव्या फोनवर चुलत बहिणीच्या सासऱ्यांशी बोलणे झाले. त्यांचा व्यवसाय मशीद बंदरला. त्यांचा एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयाशी जुना संबंध होता. मध्यरात्री सव्वा वाजता त्यांचा निरोप आला, ‘खाट ठेवली आहे, सकाळी सातच्या आत पोहोचा.’ आम्ही पोहोचलो. काका एकोणीस दिवसांनी परतले.

काकांना हलवले त्याच्या दुसऱ्या दिवशी हमालाची बायको दुकान बंद होण्याच्या वेळी आली. ‘शेठ, त्यांना लई दम लागतोय, कुठं न्यावं?’ एवढेच ती म्हणाली. आम्ही एक फोन रुग्णवाहिकेसाठी केला आणि एक सरकारी रुग्णालयात केला. रुग्णवाहिका संध्याकाळपर्यंत मिळेल असे कळले. तेवढे तिला सांगितले, हातात काही रक्कम दिली आणि आम्ही काकांच्या चिंतेत परत बुडालो. तिने संध्याकाळची वाट पाहिली नाही, ओळखीच्या टेम्पोतून नवऱ्याला नेले. पहिल्या ठिकाणी खाट नव्हती. दुसऱ्या ठिकाणी चाचणीचा अहवाल मागितला, तो अद्याप आलेला नव्हता. आधार कार्डावरचा पत्ताही दुसऱ्या तालुक्यातील निघाला. तिसऱ्या दिवशी त्याला ऑक्सिजनची खाट मिळाली. पाचव्या दिवशी तो गेला.

त्या रुग्णालयांतील डॉक्टरांना आणि परिचारिकांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. झोप नाही, विश्रांती नाही, अशा अवस्थेत ती माणसे काम करीत होती. आमच्याही मनात त्याच्याविषयी दुजाभाव नव्हता, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकतो. त्याच्यासाठीही सतरा फोन करता येतात, हे आमच्या ध्यानातच आले नाही. दुजाभाव असता तर तो निदान दिसला असता आणि सुधारता आला असता, असे आता वाटते.

मुंबईने काय केले

आमच्या घरी जे घडले ते त्या दोन वर्षांत मुंबईत मोठ्या प्रमाणावर घडत होते. तेथे ते ओळखले गेले आणि काही अंशी बदललेही.

मार्च २०२० मध्ये मुंबईत पहिले रुग्ण सापडले, तेव्हा संसर्गजन्य रोगांसाठी महापालिकेचे कस्तुरबा रुग्णालय हाच मुख्य आधार होता. एप्रिलमध्ये नायर रुग्णालय केवळ कोविडसाठी राखले गेले. केईएम, शीव, राजावाडी येथेही गर्दी वाढत गेली. मे महिन्यात परिस्थिती अशी होती की, रुग्णाला घेऊन नातेवाईक एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत. ज्याची ओळख त्याला खाट, असा लौकिक झाला होता. दुसरीकडे असंख्य छोटे खासगी दवाखाने बंद असल्यामुळे प्रसूती, डायलिसिस, हृदयविकार अशा नेहमीच्या रुग्णांचेही हाल झाले.

२१ मे २०२० रोजी राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा नियंत्रित दराखाली आणल्या. साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० रुपये आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह अतिदक्षता विभागासाठी ९,००० रुपये असे दर ठरले. संरक्षक पोशाख, महागडी औषधे आणि मोठ्या तपासण्या त्यातून वगळल्या होत्या, त्यामुळे देयके फुगण्याची वाट पूर्णपणे बंद झाली नाही. तरीही दर जाहीर झाल्याने सामान्य माणसाला भांडायला आधार मिळाला. वांद्रे-कुर्ला संकुल, गोरेगाव, वरळी, मुलुंड, दहिसर येथे मोकळ्या मैदानांत आणि प्रदर्शनगृहांत हजारो खाटांची तात्पुरती केंद्रे उभी राहिली.

सर्वांत महत्त्वाचा बदल जून २०२० मध्ये झाला. तोवर १९१६ या एकाच क्रमांकावर सारी मुंबई फोन करीत होती. महापालिकेने शहराच्या २४ प्रशासकीय विभागांत प्रत्येकी एक नियंत्रण कक्ष उघडला. चाचणीचे अहवाल विभागवार वाटले जाऊ लागले. कक्षातील डॉक्टर रुग्णाला स्वतः फोन करीत, प्रकृती विचारीत आणि गरजेप्रमाणे खाट नेमून देत. खाट आता विचारणाऱ्याच्या ओळखीवर ठरत नव्हती, रुग्णाच्या श्वासावर ठरत होती. निदान हेतू तसा होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये खाटा पुन्हा अपुऱ्या पडल्या, तेव्हा लक्षणे नसलेल्या वा बऱ्या होत आलेल्या माणसांनी मोठ्या खासगी रुग्णालयांत जागा अडवू नये म्हणून महापालिकेने त्यांना तारांकित हॉटेलांत हलवण्याची व्यवस्था केली. ज्यांच्याकडे पैसा आहे ते भीतीपोटी आधीच खाट धरून ठेवतात, याची ती अप्रत्यक्ष कबुली होती.

ही भीती कोणाला किती परवडते, हे जुलै २०२० च्या रक्त-पाहणीने दाखवून दिले होते. नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या तीन विभागांत सुमारे सात हजार लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले. झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांना विषाणूचा संसर्ग होऊन गेल्याचे आढळले; इमारतींत राहणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. एका बाजूला एकच खोली आणि सार्वजनिक शौचालय, दुसऱ्या बाजूला स्वतंत्र खोली, स्वतःची गाडी, आरोग्य विमा आणि ओळखीचा डॉक्टर. रोग एका वस्तीत अधिक होता आणि रुग्णालयाची वाट दुसऱ्या वस्तीतून सोपी होती.

याच काळात अनेक स्वयंसेवी संस्थांनी वाट उलटी केली आणि दवाखानाच वस्तीत नेला. जून २०२० मध्ये महापालिकेबरोबर भारतीय जैन संघटना आणि अन्य संस्थांनी मुंबईच्या उपनगरांत फिरते दवाखाने सुरू केले. त्यातील डॉक्टर गल्लीबोळांत जाऊन तपासणी करीत. ज्याला कोणाला फोन करावा हेच ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत मदत पोहोचवण्याची हीच खात्रीची रीत होती.

वेशीबाहेरचे

मुंबईची ही व्यवस्था मुंबईकरांसाठी होती. ती २४ विभागांवर उभी होती आणि नागोठणे त्यांपैकी कोणत्याही विभागात नाही.

रायगड जिल्ह्यात १५ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २६ लाखांहून अधिक. नागोठण्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. अशा केंद्राचे काम लसीकरण, प्रसूती, ताप-खोकला, साथीची नोंद हे असते. चार-सहा खाटांपलीकडे तेथे अपेक्षाही नसते. त्यापुढे रोहा आणि पेण येथील सरकारी रुग्णालये, मग अलिबागचे जिल्हा रुग्णालय. गंभीर आजारात आपली सर्वांची दृष्टी आपोआप उत्तरेकडे, पनवेल आणि मुंबईकडे वळते. हे आजचे नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून नावेने नागोठण्याच्या बंदरात उतरून पुढे महाबळेश्वरला जाणारे प्रवासी याच वाटेने येत. नाते जुने आहे. पण महामारीत वाटेवर चौक्या बसल्या.

२०२० मध्ये लोकल आणि प्रवासी गाड्या बंद, जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास, आणि नागोठण्याहून मुंबईला जाताना हद्दी एकाहून अधिक. ई-पासची अट २ सप्टेंबर २०२० पासून उठली, पण एप्रिल २०२१ मध्ये तातडीच्या कारणांखेरीज होणाऱ्या प्रवासासाठी ती पुन्हा आली. त्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. ज्या महिन्यात मुंबईत फोनवरून खाट नेमून देण्याची उत्तम व्यवस्था आकार घेत होती, त्याच महिन्यात आपल्याकडे फोनच मुके झाले होते.

वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा वाद इतर महानगरांतही झाला. दिल्ली सरकारने ७ जून २०२० रोजी आपल्या अखत्यारीतील आणि खासगी रुग्णालये दिल्लीच्या रहिवाशांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी नायब राज्यपालांनी तो रद्द केला. शहराच्या बाजूनेही युक्तिवाद आहे. शहर आपल्या करातून रुग्णालय चालवते, त्याने आपल्या नागरिकांना आधी का पाहू नये? परंतु शहराच्या बाजारात येणारे धान्य, भाजी, दूध आणि मजूर वेशीबाहेरून येतात. माल चालतो आणि माणूस आजारी पडल्यावर चालत नाही, हा व्यवहार आपल्यासारख्या व्यापारी माणसाला तरी एकतर्फी वाटला पाहिजे.

अखेर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२१ च्या आदेशात म्हटले की, स्थानिक रहिवासाचा किंवा ओळखीचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही रुग्णाला दाखल करून घेणे किंवा आवश्यक औषध नाकारता येणार नाही. ८ मे रोजी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानेही तसे धोरण जाहीर केले. चाचणीचा अहवाल हाती असण्याची अट दाखल होण्यासाठी उरली नाही आणि दुसऱ्या शहरातील रुग्णाला परत पाठवता येणार नाही, हे स्पष्ट झाले. आमच्या हमालाला ज्या दोन कारणांनी ताटकळावे लागले, ती दोन्ही कारणे या धोरणाने काढून टाकली. तोवर त्याचे दिवसकार्य होऊन गेले होते.

जुनी साथ, जुनी रांग

हे सारे पहिल्यांदाच घडले असेही नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मुंबईत प्लेगचे निदान केले, ते मांडवीच्या वखारींच्या वस्तीत, म्हणजे व्यापाऱ्यांच्याच आसपास. सरकारी सक्ती आणि परकेपणा यांमुळे लोक रुग्णालयालाच घाबरत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुढे अनेक जातिजमातींनी आपापल्या लोकांसाठी वेगळी प्लेग रुग्णालये उघडली. त्यामुळे लोकांचा विश्वास वाढला, उपचार मिळाले. ज्यांच्या समाजाकडे रुग्णालय उभारण्याइतके धन नव्हते, ते मात्र जिथे होते तिथेच राहिले. याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलाच्या दवाखान्यात आणले आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्याला आणणारे कोणी नाही त्याला आपण आणायचे, एवढाच त्यांचा हिशेब होता.

१९१८ च्या इन्फ्लुएंझात मुंबईतील मृत्यूंची नोंद समाजवार झाली. दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपीय लोकांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत सुमारे १९ आणि तेव्हाच्या नोंदींत ‘खालच्या जातीचे’ म्हटलेल्या हिंदूंत ६१.६ होते. ताप एकच होता. घर, अन्न, शुश्रूषा आणि दवाखाना यांतील अंतर या आकड्यांत उतरले आहे.

कायदा काय देतो

आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे कुठल्या ना कुठल्या विश्वस्त संस्थेशी निगडित आहेत. औषधदान हे आपल्या परंपरेने चार दानांत गणले आहे आणि आजाऱ्याची सेवा, वैयावृत्त्य, हे तप मानले आहे. मुंबई-पुण्यातील कित्येक रुग्णालये व्यापारी घराण्यांच्या देणगीवर उभी आहेत. म्हणून एका तरतुदीची माहिती प्रत्येक पेढीवर असायला हवी.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा पहिल्या गटासाठी १ लाख ८० हजार आणि दुसऱ्या गटासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला प्रथम दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे, अनामत रकमेसाठी अडवायचे नाही, हेही योजनेत आहे. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत.

कायदा असूनही तो मागावा लागतो. २०२० मध्ये वांद्र्याच्या झोपडपट्टीतील सात जणांकडून एका धर्मादाय रुग्णालयाने कोविड उपचारांसाठी साडेबारा लाख रुपये घेतले. ते उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने रुग्णालयाला दहा लाख रुपये न्यायालयात जमा करण्यास सांगितले आणि आजारी, हातावर पोट असलेल्या माणसाने दाखल होण्यापूर्वी उत्पन्नाचे दाखले आणावेत ही अपेक्षाच योग्य नाही, असे मत नोंदवले.

आमच्या हमालाची मजुरी आम्हीच देत होतो, म्हणून खात्रीने सांगतो की तो या योजनेत बसत होता. काकांसाठी ज्या रुग्णालयात मध्यरात्री शब्द टाकला गेला, ते विश्वस्त संस्थेचे रुग्णालय होते. त्याच्यासाठी तेथे योजनेतील खाट आहे का, एवढे आम्ही विचारू शकत होतो. आम्ही विचारले नाही.

आपल्या हातात काय

सरकारने काय करावे याची यादी मोठी आहे. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, ही जिल्ह्यासाठी मोठी गोष्ट. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्ये राज्यातील सर्वांसाठी खुली झाली आणि पुढे तिचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढले. पण योजना कागदपत्रांवर चालते, आणि कागदपत्रे आजारपणात जमत नाहीत. निरोगीपणात जमवलेलीच उपयोगी पडतात. हे काम मात्र दुकानाच्या गादीवर बसून करता येते.

आम्ही आता ते सुरू केले आहे. दुकान आणि वखार मिळून नऊ माणसे कामाला आहेत. प्रत्येकाची शिधापत्रिका पाहिली. दोघांची नावे जुन्या गावच्या पत्रिकेत अडकली होती, ती इकडे आणली. ज्यांच्या आधार कार्डावर जुना पत्ता होता, त्यांचा बदलून घेतला. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचे दाखले काढले. त्यांची मुदत संपते, म्हणून दर वर्षी नूतनीकरणाची तारीख वहीत लिहून ठेवली. योजनेत असलेल्या जवळच्या रुग्णालयांची यादी आणि धर्मादाय रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवकांचे क्रमांक दुकानातल्या भिंतीवर लावले. सारे मिळून चार दुपारी लागल्या. खर्च म्हणावा तर झेरॉक्सचा.

ज्यांच्या घरातील कोणी रुग्णालयाचे विश्वस्त आहेत, त्यांना एक विनंती. राखीव खाटांपैकी आज किती भरलेल्या आहेत आणि त्यांवर कोण आहे, हे महिन्यातून एकदा स्वतः जाऊन पाहावे. निधीचा ताळेबंद आपण जितक्या बारकाईने तपासतो तितक्याच बारकाईने खाटांचाही तपासावा. ओळखीच्या माणसासाठी शब्द टाकणे गैर नाही. आमचे काका त्यामुळेच वाचले आणि त्या उपकाराची जाणीव आम्हाला आहे. पण त्याच फोनवर दुसरे वाक्य बोलायला वेळ लागत नाही. आमच्याकडे आणखी एक रुग्ण आहे, आमचा कामगार आहे, त्याच्यासाठी काय करता येईल?

हमालाचा मोठा मुलगा आता आमच्याच वखारीत हिशेबाचे काम शिकतो आहे. वह्या बांधताना तो शेजारीच होता. ते पान त्याने पाहिले, वरचे सतरा क्रमांक पाहिले, खालचे दोन पाहिले. त्याने काही विचारले नाही, मीही काही बोललो नाही. वही बासनात बांधली आणि या वर्षीच्या नव्या वहीत, शेवटच्या पानावर, त्याच्याच हातून नऊ जणांची नावे लिहून घेतली. प्रत्येक नावापुढे रक्तगट, शिधापत्रिकेचा क्रमांक आणि घरी कोणाला कळवायचे ते लिहिले. त्याच्या नावापुढे त्याने आईचे नाव लिहिले.